पासवर्ड विसरला, आता काय? लिनक्सचं कुलूप आणि त्याची किल्ली

आजचा विषय तसा छोटा दिसतो. लिनक्सवर चालणारा संगणक आहे, समोर लॉगिनचा पडदा आहे, आपण पासवर्ड टाकतो आहोत आणि संगणक तो नाकारतो आहे. आता काय करायचं? याचं उत्तर पंधरा मिनिटांत देता येतं आणि आज ते देणारच आहोत. पण ते देताना दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. जे कुलूप पंधरा मिनिटांत उघडतं, ते इतके दिवस नेमकी कशाची राखण करत होतं? आजचं बोलणं या दोन प्रश्नांभोवती आहे.

सुरुवात एका घडलेल्या गोष्टीने करतो. आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी लोकांना मुक्त सॉफ्टवेअर बसवून देतो, अडलेलं नडलेलं बघतो. एकदा तालुक्याच्या गावच्या एका सार्वजनिक वाचनालयातून फोन आला. तिथल्या संगणकावर ज्या काकांनी उबुंटू घालून दिलं होतं, ते अचानक गेले. पुस्तकांची दाखल नोंदवही, सभासदांची यादी, वर्गणी, देवघेव, सगळं त्या एका यंत्रात. वार्षिक अहवाल पाठवायची वेळ आलेली, अनुदान त्या अहवालावर अवलंबून, आणि पासवर्ड फक्त काकांना ठाऊक. ग्रंथपाल बाईंनी गावातल्या दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, "फॉरमॅट मारावं लागेल." बाई घाबरल्या आणि त्यांनी संगणक परत आणला. बरं झालं घाबरल्या. पासवर्ड विसरला म्हणून डिस्क पुसणं म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडण्यासारखं आहे. लिनक्समध्ये त्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

आधी पाहा, खरंच पासवर्ड चुकतो आहे का?

आमच्याकडे ‘पासवर्ड चालत नाही’ म्हणून जी यंत्रं येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पासवर्ड बरोबरच असतो. म्हणून आधी चार गोष्टी तपासायच्या.

पहिली गोष्ट कीबोर्डची. आपण मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडतो. लॉगिनच्या पडद्यावर तोच निवडलेला राहिला, तर इंग्रजी पासवर्डाच्या कळा दाबल्या तरी आत देवनागरी अक्षरं जातात. दिसतात फक्त ठिपके, त्यामुळे काही कळत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह दिसतं का ते पाहा. उबुंटूत विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो. कॅप्स लॉक आणि नम लॉकही त्याच वेळी पाहून घ्या.

दुसरी गोष्ट, थोडं थांबणं. काही डिस्ट्रोंमध्ये लागोपाठ चुकीचे पासवर्ड दिले की खातं काही काळ बंद होतं. हे काम करणाऱ्या फेललॉक या भागाची मूळ रचना तीन चुका आणि दहा मिनिटं अशी आहे. या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही नाकारला जातो. माणूस वैतागून आणखी प्रयत्न करतो आणि गुंता वाढवतो. चहा घ्या, मग एकदाच शांतपणे टाका.

तिसरी गोष्ट, नकार आणि परतफेरा यांतला फरक. पासवर्ड दिल्यावर ‘चुकीचा’ असा संदेश येतो, की पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा लॉगिनवर येतो? दुसरं घडत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, पण आतलं दालन उघडत नाही. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डिस्क काठोकाठ भरलेली असणं. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन एकत्र दाबा. अक्षरांचा साधा पडदा येईल. तिथे नाव आणि पासवर्ड देऊन आत जा आणि नको असलेल्या मोठ्या फायली काढा. या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, तशीच पद्धत आहे.

चौथी गोष्ट, पासवर्ड कधी विचारला जातो? संगणक सुरू होताहोताच, कोणाचं नाव दिसण्याआधीच डिस्क उघडण्यासाठी परवलीचं वाक्य मागितलं जात असेल, तर ते कुलूप वेगळ्या जातीचं आहे. त्याकडे शेवटी येऊ.

पासवर्ड विचारतो कोण?

वाचनालयातल्या संगणकावर यातलं काहीच नव्हतं. पासवर्ड खरोखरच कोणाला माहीत नव्हता. तिथे आम्ही काय केलं हे सांगण्याआधी, ते का शक्य होतं हे समजून घेऊ. एकदा कारण कळलं की पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

संगणकाचं बटण दाबलं की आधी यंत्राचा स्वतःचा छोटा कार्यक्रम जागा होतो. तो ग्रब नावाच्या कार्यक्रमाला हाक मारतो. ग्रबचं काम म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो डिस्कवरून उचलून सुरू करणं आणि सुरू करताना त्याला चार सूचना देणं. कर्नल जागा झाला की तयारीची कामं उरकून तो एक पहिला कार्यक्रम चालू करतो, त्याला इनिट म्हणतात. आणि हा पहिला कार्यक्रम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतो. बाकीचा सगळा पसारा तो उभा करतो. त्या पसाऱ्यात सर्वांत शेवटी येतो लॉगिनचा पडदा.

म्हणजे काय, तर पासवर्ड कर्नल विचारत नाही. पासवर्ड विचारणारा हा दारावर नंतर आणून बसवलेला पहारेकरी आहे. वाडा आधी उभा राहतो, दिवे लागतात, आणि मग पहारेकरी कामावर येतो. तो कामावर येण्याआधीच तुम्ही आत उभे असाल, तर तुम्हाला अडवायला कोणी नाही. लॉगिनच्या आधीच संगणकाला थांबवायचं, एवढीच सगळी युक्ती आहे.

प्रत्यक्ष पायऱ्या

वाचनालयात आम्ही पहिल्यांदा कार्यकारिणीचं लेखी पत्र मागून घेतलं. यंत्र संस्थेचं असलं तरी काकांच्या खात्यात त्यांचं खाजगी काहीही असू शकतं, म्हणून पत्रात काय उघडायचं आणि काय नाही हे लिहून घेतलं. मग पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने संगणक सुरू केला आणि वाचनालयाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. पासवर्डाला हातही न लावता! आधी प्रत, मग उपाय, हा क्रम कधी सोडू नका.

त्यानंतर उबुंटूची सोपी वाट. संगणक सुरू होताना ग्रबची यादी पडद्यावर आणायची. जुन्या बायोसच्या यंत्रात शिफ्ट दाबून धरायची, नव्या यूईएफआयच्या यंत्रात एस्केप दाबायची. यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा, आत शेवटी ‘रिकव्हरी मोड’ असं लिहिलेली ओळ निवडा. थोड्या वेळाने एक छोटी यादी येते, त्यातलं ‘रूट’ निवडा. उबुंटूत रूटचं खातं मुळातच बंद ठेवलेलं असतं, त्याला पासवर्डच नसतो, म्हणून इथे तो विचारला जात नाही. एंटर दाबलं की तुम्ही सर्वाधिकारी.

आता एक अडचण येऊ शकते. या अवस्थेत डिस्क केवळ वाचण्यासाठी जोडलेली असू शकते, त्यामुळे नवा पासवर्ड लिहिताच येत नाही. ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ असा लांबलचक संदेश आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा कारण हेच असतं. उपाय म्हणजे ही आज्ञा: माउंट, जागा, हायफन ओ, जागा, रिमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, जागा, स्लॅश. अर्थ असा, की मूळ डिस्क पुन्हा जोड, या वेळी लिहिण्याच्या परवानगीसह.

मग मुख्य आज्ञा. पासवर्ड या इंग्रजी शब्दातली ओ आणि आर ही दोन अक्षरं गाळली की आज्ञेचं नाव तयार होतं. त्यापुढे जागा सोडून वापरकर्त्याचं नाव. नाव आठवत नसेल तर होम या फोल्डरात पाहा, प्रत्येकाच्या नावाचं घर तिथे असतं. नवा पासवर्ड दोनदा विचारला जातो. जुना विचारला जात नाही, कारण विचारणारा आणि सांगणारा दोन्ही सर्वाधिकारीच. संगणक पुन्हा सुरू करा. झालं.

ज्या डिस्ट्रोंमध्ये रूटला स्वतःचा पासवर्ड असतो, उदाहरणार्थ डेबियनची नेहमीची मांडणी, तिथे रिकव्हरी मोड रूटचा पासवर्ड मागतो. तिथे दुसरी वाट. ग्रबच्या यादीत हव्या त्या ओळीवर येऊन ई हे अक्षर दाबा. सूचनांचा मजकूर उघडतो. त्यात ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यातल्या आरओ या दोन अक्षरांच्या जागी आरडब्ल्यू करा आणि ओळीच्या शेवटी जोडा: इनिट, बरोबर चिन्ह, स्लॅश बिन स्लॅश बॅश, मध्ये कुठेही जागा न सोडता. मग कंट्रोल आणि एक्स. आपण कर्नलला काय सांगितलं? पहिला कार्यक्रम म्हणून नेहमीचा कारभारी उठवू नकोस, सरळ आज्ञा घेणारी खिडकी उघड. पहारेकऱ्याची नेमणूकच झाली नाही! ही सूचना तेवढ्या एका वेळेपुरती असते, डिस्कवर लिहिली जात नाही.

फेडोरा आणि त्याच्या कुळात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथे एसईलिनक्स ही जादा सुरक्षा प्रत्येक फाइलीवर शिक्का ठेवते. अशा आडवाटेने पासवर्ड बदलला की त्या फाइलीवरचा शिक्का बिघडतो आणि नवा पासवर्डही चालेनासा होतो. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी मूळ फोल्डरात ‘ऑटोरिलेबल’ नावाची रिकामी फाइल तयार करायची, नावाच्या आधी एक टिंब देऊन. पुढच्या वेळी संगणक सगळे शिक्के नव्याने मारतो. त्याला वेळ लागतो, मध्येच बटण दाबू नका.

जुना पासवर्ड का सापडत नाही?

वाचनालयाच्या बाईंनी आम्हाला विचारलं होतं, "काकांचा पासवर्ड काय होता, तेवढं सांगाल का?" ते आम्हालाही कळलं नाही, आणि कळणार नव्हतं. आम्ही पासवर्ड शोधला नाही, बदलला.

लिनक्स पासवर्ड साठवत नाही. पासवर्डावर एक गणिती प्रक्रिया करून निघालेला गाळ तेवढा साठवतो. उसापासून रस निघतो, रसापासून ऊस बनत नाही, तसं हे एकमार्गी गणित आहे. तुम्ही पासवर्ड दिला की तोच रस पुन्हा काढून साठवलेल्याशी ताडून पाहिला जातो. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात हा गाळ सगळ्यांना वाचता येणाऱ्या फाइलीत असे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली या अनुभवावर एक निबंध लिहिला. लोक सोपे पासवर्ड ठेवतात आणि अंदाज करणारा यंत्राकडून असंख्य अंदाज करवून घेऊ शकतो, हा त्यातला धडा आजही खरा आहे. पुढे ही माहिती ‘शॅडो’ नावाच्या, सामान्य वापरकर्त्याला न वाचता येणाऱ्या फाइलीत गेली. गंमत अशी, की त्याच थॉम्पसन यांचा जुन्या फाइलीत राहिलेला पासवर्ड २०१९ मध्ये कोणीतरी अंदाज करकरून उलगडला. ती होती बुद्धिबळातली पहिली खेळी, वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे!

याचा व्यवहारातला परिणाम लक्षात ठेवा. पासवर्ड बदलून आत गेलात तरी जे जुन्या पासवर्डानेच बंद केलेलं आहे, ते बंदच राहतं. उबुंटूत ‘लॉगिन कीरिंग’ नावाचा जुडगा असतो, त्यात वायफायचे, काही ब्राउझरांत साठवलेले पासवर्ड असतात. वाचनालयाच्या संगणकात सगळ्या नोंदी मिळाल्या, पण ईमेलचा साठवलेला पासवर्ड या जुडग्यात अडकला. ईमेल परत मिळवायला जो मोबाइल क्रमांक दिलेला होता, तो काकांचाच. त्यांच्या मुलीने फोन चालू ठेवला होता म्हणून निभावलं. अहवाल वेळेत गेला.

जे कुलूप उघडत नाही

आता गोष्टीचा दुसरा भाग. वाचनालयाचं काम झालं तेव्हा काकांच्या मुलीने विचारलं, "बाबांचा घरचा लॅपटॉपही असाच उघडून द्याल का? आईचे सगळे फोटो त्यात आहेत." आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने हो म्हटलं. लॅपटॉप सुरू केला, आणि लॉगिनच्या कितीतरी आधी त्याने डिस्कचं परवलीचं वाक्य मागितलं. काकांनी पूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली होती.

लिनक्सवर हे काम लक्स नावाच्या रचनेने होतं. इथे पहारेकरी नाही. इथे वाड्यातली प्रत्येक वीट सांकेतिक भाषेत बदललेली आहे. ती वाचण्यासाठी एक मुख्य किल्ली लागते. ती डिस्कच्या सुरुवातीला, शीर्षभागात, पण तुमच्या परवलीच्या वाक्याने बंद करून ठेवलेली असते. लक्सच्या पहिल्या आवृत्तीत अशा किल्ल्यांसाठी आठ खण होते, दुसऱ्या आवृत्तीत बत्तीसपर्यंत. एका खणाचं जरी वाक्य माहीत असेल तरी सगळं उघडतं. एकही माहीत नसेल, तर ग्रबमधून जा, पेन ड्राइव्हने जा, डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात लावा, हाती येते ती फक्त निरर्थक आकड्यांची रास. वाक्याचा अंदाज करणंही मुद्दाम संथ आणि खर्चिक केलेलं असतं. बनवणाऱ्यांकडेही वेगळी किल्ली नाही.

त्या ताईंनी डायऱ्या शोधल्या, सुचतील ते शब्द आम्ही टाकून पाहिले. उघडला नाही. डिस्क पुसू नका, उद्या एखाद्या पुस्तकात चिठ्ठी सापडेल, एवढंच सांगून आम्ही लॅपटॉप परत दिला. तो अजून त्यांच्या कपाटात आहे.

मंडळी, सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लॉगिनचा पासवर्ड शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, घरातल्या लहान मुलाला थांबवतो. यंत्र ज्याच्या हातात पडलं त्याला तो थांबवत नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती राखायची असेल, तर कूटबद्ध डिस्कच हवी. पण ती चोराला जितक्या कठोरपणे थांबवते, तितक्याच कठोरपणे तुमच्या मुलांनाही थांबवते. दोघांतला फरक तिला कळत नाही. तो आपण आधी सांगून ठेवावा लागतो.

कसा सांगायचा? डिस्क कूटबद्ध असेल तर दुसऱ्या खणात दुसरं लांब वाक्य घाला. आज्ञा आहे ‘क्रिप्टसेटअप’, आणि तिच्यापुढे ‘लक्स ॲड की’ हे तीन शब्द जोडून. ते वाक्य कागदावर लिहून बंद पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दागिन्यांच्या डब्यात ठेवा. संस्थेचा संगणक असेल तर अधिकार असलेली दोन खाती, दोन माणसांकडे. आणि काहीही असो, महत्त्वाच्या फायलींची दुसरीकडे प्रत ठेवा, आणि ती उघडते का हे वर्षातून एकदा खरंच उघडून पाहा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न:* इतकं सोपं असेल तर हे कोणीही कोणाच्याही संगणकावर करेल. ग्रबलाच पासवर्ड घालता येत नाही का?

*उत्तर:* येतो. बायोसलाही घालता येतो. त्याने हे काम अवघड होतं, अशक्य नाही, कारण डिस्क स्क्रू काढून बाहेर घेता येते. आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० प्रमाणे गुन्हा आहे. मालकाचा होकार, शक्यतो लेखी, घेतल्याशिवाय हात लावू नका. नवऱ्याचा लॅपटॉप, बायकोचा लॅपटॉप, यालाही हेच लागू.

*प्रश्न:* माझा पासवर्ड चालतो, पण सुडो वापरलं की ‘तुम्हाला अधिकार नाही’ असं येतं. काल मी स्वतःला एका नव्या गटात घातलं होतं.

*उत्तर:* तुम्ही ‘यूजरमॉड’ आज्ञेला मोठा जी दिला आणि त्याआधी छोटा ए द्यायचा राहिला. मग ती नव्या गटात ‘भर’ घालत नाही, जुने जादा गट काढून टाकते. त्यात सुडोचा गटही गेला. आज सांगितलेल्या वाटेने रूट म्हणून आत जा आणि छोटा ए, मोठा जी असं दोन्ही देऊन स्वतःला पुन्हा सुडो गटात घाला. फेडोरात त्या गटाचं नाव ‘व्हील’ आहे.

*प्रश्न:* माझा सर्व्हर दूर डेटा सेंटरमध्ये आहे. तिथे ग्रब कसं दिसणार?

*उत्तर:* बहुतेक सेवा देणारे ब्राउझरमधून कन्सोल दाखवतात किंवा ‘रेस्क्यू मोड’ देतात. कन्सोल म्हणजे त्या यंत्रासमोर बसणं, रेस्क्यू मोड म्हणजे पेन ड्राइव्हने सुरू करणं. पुढचं सगळं तेच. फक्त त्या सेवेच्या खात्याचा पासवर्ड विसरू नका.

वेळ संपत आली आहे. आज घरी गेल्यावर एक करा. तुमचा संगणक डिस्कचं वाक्य विचारतो की फक्त लॉगिनचा पासवर्ड, हे बघा, आणि उत्तर घरातल्या एका माणसाला सांगा. पाकिटाचं त्या बोलण्यातूनच ठरेल.